ड्रॉईंग मास्तर

आमच्या खटाव तालुक्यात नोकरीची एक उतरंड होती. वर तलाठी, त्याखाली ग्रामसेवक, मग एस.टी.चा कंडक्टर, मग मिलिटरीतला, मग मास्तर. मास्तरांच्या उतरंडीत पुन्हा गणित-इंग्रजीचा मास्तर वरच्या डेऱ्यासारखा, आणि तळाला पी.टी.चा आणि ड्रॉईंगचा. लग्नाच्या बैठकीत "मुलगा हायस्कुलावर हाय" असं सांगितलं की मुलीकडचे खूश व्हायचे. मग कुणीतरी विचारायचं, "विषय कंचा?" ड्रॉईंग म्हटलं की मुलीचा मामा खाकरायचा. "म्हंजी चित्रं काढायला पगार देत्यात व्हय?" असं विचारणारी माणसं मी स्वतः ऐकलीत.

पगार देत होते. गणिताच्या मास्तराच्या दिवशीच देत होते, आणि निवृत्तीनंतर पेन्शनही देत होते. शेतकऱ्याच्या पोराला हातातल्या कलेवर कायमची भाकरी मिळावी, अशी जागा आमच्या मुलखात ही एकच होती. गाणाऱ्याला भजनी मंडळात चहा मिळायचा, तमाशातल्याला सुपारी मिळायची, पण पहिल्या तारखेचा पगार फक्त ड्रॉईंगच्या मास्तराला. मी दहावीपर्यंत शिकलो आणि शेतीत राहिलो. पण ही नोकरी कशी आली, तिनं गावाला काय दिलं आणि ती कशी चालली, हे पन्नास वर्षं जवळून बघितलंय. ते लिहून ठेवतो.

ही नोकरी मुळात इंग्रजांच्या राज्यातली. मुंबईचे व्यापारी सर जमशेटजी जीजीभाई यांनी 1853 साली एक लाख रुपये देऊ केले, ते देशातल्या हुन्नराची आणि कारागिरीची सुधारणा व्हावी म्हणून. त्या पैशावर 1857 साली जे.जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. हे साल आम्हाला शाळेत बंडाचं साल म्हणून पाठ होतं. तिकडं उत्तरेत तोफा चालल्या होत्या आणि इकडं मुंबईत पोरं पेन्सिलीनं रेघा ओढायला शिकत होती. सरकारला त्या शाळेतून चित्रकार पाहिजे होते असं नाही. पाहिजे होते हुशार हाताचे कारागीर. 1865 ला लॉकवुड किपलिंग नावाचे गोरे मास्तर आले. त्यांच्या काळात तिथं विभाग निघाले ते सजावटीच्या रंगकामाचे, मूर्तिकामाचे आणि नक्षीदार लोखंडी कामाचे. म्हणजे रंगारी, कुंभार आणि लोहार यांचीच विद्या, फक्त इमारत दगडी.

ह्या किपलिंग मास्तरांचं काम आमच्यातल्या कितीतरी जणांनी न कळता बघितलंय. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटच्या दरवाज्यावर जी दगडी शिल्पं आहेत, त्यांत शेतात राबणारे शेतकरी आहेत. त्या शिल्पांचा आराखडा त्यांचा. मार्केट 1869 चं. आमच्या भागातली निम्मी माणसं मुंबईत माथाडी. मीही एकदा चुलत भावाकडं गेलो असता त्या दरवाज्याखाली उभा राहून मान मोडेस्तवर वर बघितलं होतं. खाली शेतकऱ्याच्या मालाचा लिलाव आणि वर दगडातला शेतकरी. भाऊ म्हणाला, "चल लेका, काय बघतोस? आपलंच त्वांड हाय." ते तोंड एका चित्रकलेच्या मास्तरानं योजलेलं होतं, हे मला फार पुढं वाचून कळलं.

जे.जे.मध्ये 1879 पासून ड्रॉईंग हा विषय रीतसर शिकवायला लागले आणि 1893 साली ड्रॉईंगचे मास्तर तयार करायचा अभ्यासक्रम निघाला. आमच्या नोकरीचं मूळ ते. इथून पुढं ड्रॉईंग ही फक्त हौस राहिली नाही, कागदावर शिक्का असलेली विद्या झाली. त्याच सुमाराला कोल्हापुरात वाढलेले महादेव विश्वनाथ धुरंधर 1890 साली जे.जे.त विद्यार्थी म्हणून गेले, 1896 ला तिथंच शिक्षक झाले आणि 1931 पर्यंत राहिले. एकेचाळीस वर्षं एका शाळेत. 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे त्यांचं पुस्तक 1940 सालचं. आमच्या मास्तरांकडं त्याची पिवळी पडलेली प्रत होती. मला त्यांनी ती वाचायला दिली तेव्हा वर वर्तमानपत्राचं कव्हर घालून दिली आणि म्हणाले, "चूल आणि शेरडं, दोन्हीपासून लांब ठेव."

मुंबई आमच्यापासून लांब. पण आमच्या तालुक्यातच औंध संस्थान होतं आणि तिथला राजाच चित्रकार होता. बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढायचे, चित्रकारांना बोलावून घ्यायचे. त्यांनी जमवलेली चित्रं आणि मूर्ती ठेवायला यमाईच्या डोंगरावर 1938 साली संग्रहालय बांधलं. रविवर्म्याची चित्रं, धुरंधरांची चित्रं तिथं आहेत. हेन्री मूर नावाच्या इंग्रज शिल्पकाराची आई आणि लेकराची मूर्तीही आहे. श्रीपाद दामोदर सातवळेकर हे मूळचे चित्रकार, ते औंधाला येऊन वेदाच्या अभ्यासाला लागले. त्यांचे चिरंजीव माधव सातवळेकर पुढं राज्याचे कला संचालक झाले. कुसळं उगवणाऱ्या मुलखात हे होतं. यमाईला नवस फेडायला जाणारी आमची आई-आजी देवीचं दर्शन झाल्यावर संग्रहालयात एक फेरी मारायची आणि चित्रातल्या बायकांच्या साड्यांचे काठ निरखायची. जरीचा काठ हातानं रंगवलाय, विणलेला नाही, यावर त्यांचा विश्वास बसायचा नाही.

आमच्या हायस्कुलात ड्रॉईंगचे मास्तर आले ते कोल्हापूरकडचे. आधी डी.टी.सी. झालेले, मग सुट्टीत परीक्षा देत देत डी.एम. झाले. पांढरा लेंगा, वर शर्ट, आणि उजव्या हाताच्या बोटांना कायम कसला तरी रंग. हायस्कुलात त्यांना वर्ग म्हणून नव्हता. व्हरांड्याच्या टोकाला सामानाची खोली होती, तीच ड्रॉईंगची खोली. आठवड्याला दोन तास. बाकीच्या वेळात निकालपत्रकावरची नावं, स्नेहसंमेलनाचे पडदे, फळ्यावरचा सुविचार, पुढाऱ्याच्या स्वागताची कमान, सगळं त्यांच्या गळ्यात. हेडमास्तर कुणी रजेवर असला की म्हणायचे, "ड्रॉईंगवाल्याला पाठवा, त्यांना कुठं पोर्शन असतो."

मी पाचवीला गेलो ते साल 1972. दुष्काळ. शिवारात हिरवं पान नाही. आई-बाप दुष्काळी कामावर खडी फोडायला, आम्हाला शाळेत सुकडी. ड्रॉईंगला वस्तुचित्र काढायचं म्हणजे समोर मांडायला फळ पाहिजे, भाजी पाहिजे. कुठनं आणणार? मास्तरांनी सांगितलं, "उद्या ज्याच्या घरी जे असंल ते घेऊन या." मी कामावरचं घमेलं नेलं, एकानं दांडा मोडलेली कुदळ आणली, एकीनं गळकी घागर. मास्तरांनी ती तीन टेबलावर मांडली आणि म्हणाले, "घमेल्याचं तोंड गोल आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. ठाऊक आहे ते काढू नका. दिसतंय ते काढा." आम्ही बघितलं तर तोंड गोल नव्हतंच, चेपलेल्या अंड्यासारखं दिसत होतं. खाली बसलं की आणखी चेपायचं, उभं राहिलं की फुगायचं.

तो कागद मी घरी नेला. वडील अंगठा उठवणारे. त्यांनी कंदील जवळ घेतला, कागद लांब धरला, जवळ धरला. मग बोट ठेवून म्हणाले, "ह्ये आपलंच घमेलं हाय. ह्यो पोचा म्याच पाडलाय, परवा धोंडा पडला तवा." त्या आधी माझ्या वहीतलं एकही अक्षर त्यांना कळलेलं नव्हतं. शाळेतला हा पहिला कागद त्यांनी वाचला. ड्रॉईंग ह्या विषयाचं काय काम, असं कुणी विचारलं की मला हे आठवतं. माझ्या मतानं ह्या विषयाचं काम चित्रकार तयार करणं हे नव्हतं. ठाऊक असलेलं आणि दिसणारं ह्यातला फरक पोराला कळावा, एवढं त्याचं काम होतं. शेतीत तर उठता-बसता तेच लागतं. पान पिवळं पडलंय हे सगळ्यांना ठाऊक असतं. शिरा हिरव्या राहून मधलं पिवळं पडलंय, की कडेनं करपत आलंय, हे बघावं लागतं. औषध त्यावर ठरतं.

गावातल्या पोरांना ह्या विषयाची शिडी होती ती दोन परीक्षांची, एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट. राज्याचं कला संचालनालय 1965 ला निघालं, ह्या परीक्षा त्यांच्याकडच्या. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. तालुक्याच्या गावी सेंटर. आम्ही बगलेत बोर्ड मारून, खिशात टाचण्या आणि डब्यात भाकरी घेऊन एस.टी.नं जायचो. रंगाच्या वड्या दोघांत एक. पाण्याला नारळाची करवंटी. सरावाला ब्रश नसायचा तेव्हा बाभळीच्या काडीचं टोक चावून कुंचला करायचो. स्मरणचित्राला विषय यायचे बाजार, पाणवठा, यात्रा. त्यात मात्र आम्ही शहरातल्या पोरांना हार जायचो नाही. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेतला बैलबाजार आमच्या डोळ्यांत होता. बैल बसताना आधी पुढचे पाय मोडतो की मागचे, हे आम्हाला विचार करून आठवावं लागत नव्हतं.

त्या परीक्षेत मला एक गंमत दिसली. सुताराचं पोर भूमितीत पहिलं यायचं, कुंभाराच्या पोराचा घडा एका रेघेत उतरायचा, आणि रांगोळी काढून हात बसलेल्या पोरी संकल्पचित्रात सगळ्यांच्या पुढं. दीडशे वर्षांपूर्वी सरकारनं कारागिरांसाठी म्हणून जो विषय काढला, तो फिरून कारागिरांच्याच घरात आला होता. बाकीच्या विषयांत ही पोरं मागच्या बाकावर असायची.

1975 ला अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची पहिली परीक्षा झाली. मी 1978 ला दहावी झालो. आदल्या वर्षी इंटरमीजिएट 'बी' ग्रेडमध्ये. मास्तर घरी आले. वडिलांना म्हणाले, "ह्याला कोल्हापूरला धाडा. ए.टी.डी. करू दे." ए.टी.डी. म्हणजे आर्ट टीचर डिप्लोमा, कला शिक्षक पदविका. तेव्हा कोल्हापुरात कलानिकेतन होतं, दत्तोबा दळवींनी काढलेलं दळवीज होतं. तिथं चित्र काढायला तर शिकवतच, पण वर्गापुढं उभं राहून शिकवायचं कसं हेही शिकवत. फळ्यावर खडूनं झटपट चित्र काढणं, पाठ घेणं, हस्तकला, शिक्षणशास्त्र. घरात तेव्हा विहिरीचं काम निघालेलं. वडील म्हणाले, "मास्तर, हीर अर्धी ऱ्हायली तर बुजती. पोरगं अर्धं ऱ्हायलं तर शेत करतंय." मास्तरांनी चहा घेतला आणि गेले. विहिरीला पाणी लागलं, ते आजही आहे.

माझा बाकावरचा जोडीदार गेला. बोर्डिंगात राहिला, सुट्टीत दुकानांच्या पाट्या रंगवून खर्च भागवला, ए.टी.डी. झाला, मराठवाड्यात एका हायस्कुलावर लागला. पुढं डिप. ए. एड. केलं. दर वर्षी वीस-पंचवीस पोरं परीक्षेला बसवायचा. 2018 ला निवृत्त झाला. त्याच्या पेन्शनवर त्याची म्हातारी आई शेवटपर्यंत सुखानं जगली. तो निरोपाच्या दिवशी खोलीची किल्ली द्यायला गेला तेव्हा हेडमास्तरांनी विचारलं, "कुणाच्या नावावर देऊ?" घ्यायला कुणी नव्हतं. जागा भरलीच नाही.

जे शिकून मास्तर झाले नाहीत, त्यांनाही ह्या विषयानं पोटाला लावलं. अक्षरलेखन शिकलेली पोरं पेंटर झाली. ट्रॉलीवर "आई-वडिलांचा आशीर्वाद", दूध डेअरीचा बोर्ड, सोसायटीचा फलक, निवडणुकीत चुना मारलेल्या भिंतीवर उमेदवाराचं नाव, शिवजयंतीला महाराजांचं चित्र. बेंदराला बैलाच्या पाठीवर नक्षी काढायला त्यांना बोलावणं यायचं. मग फ्लेक्स आला. संगणकावर घंटाभरात वीस फुटी बोर्ड, त्यात पन्नास तोंडं. पाच-सात वर्षांत पेंटर बसले. कुणी गवंड्याच्या हाताखाली गेलं, कुणी टेम्पो घेतला.

मास्तरांची जागा फ्लेक्सनं घालवली नाही. ती कागदानं घालवली. आधी शाळा निघाल्या त्या विनाअनुदानित. 2000 साली शिक्षणसेवक आला, म्हणजे पहिली तीन वर्षं पगार नाही, मानधन. 2012 ला शिक्षक भरतीवर बंदी आली. आणि 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात, जो 2010 च्या एप्रिलपासून लागू झाला, सहावी ते आठवीसाठी असं आहे की शंभरावर मुलं असतील तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणाला अंशकालीन निदेशक. अंशकालीन म्हणजे अर्ध्या वेळेचा. गणिताचा मास्तर पूर्ण वेळेचा, ड्रॉईंगचा अर्ध्या वेळेचा, तोही शंभर डोकी भरली तर. आमच्या गावच्या शाळेत आज चौसष्ट मुलं आहेत. तेव्हा कायद्यानंच आमच्या पोरांच्या वाट्याला अर्धासुद्धा मास्तर येत नाही. कायदा करणाऱ्यांच्या मनात हे नसेल. पण गावं रिकामी होतायत, आणि शंभराची अट आधी छोट्या गावालाच लागते.

माझा पुतण्या 2009 ला ए.टी.डी. झाला. एका संस्थेत लागला, शाळा विनाअनुदानित. आज ना उद्या अनुदान येईल म्हणून आठ वर्षं फुकट राबला. शेवटी कायम करायची वेळ आली तेव्हा संस्थेनं जो आकडा सांगितला, त्यात आमची विहिरीखालची एकरभर जमीन गेली असती. त्यानं नोकरी सोडली. आता शाळांच्या बोलक्या भिंती रंगवतो, गणपतीच्या आधी तीन महिने मूर्तींचं काम करतो, बाकी आल्याच्या शेतात माझ्याबरोबर असतो. हात उत्तम आहे. पण बोलणं कमी झालंय.

आणि आता धाकट्या भावाची मुलगी म्हणते, मला ए.टी.डी.च करायचंय. बारावी झाली, इंटरमीजिएटला 'ए' ग्रेड आहे. घरात दोन तट पडले. तिची आई म्हणाली, "एका घरात एक पुरं झाला की." पुतण्या गप्प बसला. सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण घरात मी मोठा.

मी तिला जे सांगितलं ते इथं लिहितो, कारण आजूबाजूच्या गावांतही ही पोरं आहेत. शिकायचं असेल तर शीक. पण जागा अनुदानित आहे का, मान्यता कुणाची, हे कागदावर बघितल्याशिवाय कुठं पाय टाकायचा नाही. फुकट आठ वर्षं कुणाला द्यायची नाहीत. जागेसाठी रुपया द्यायचा नाही आणि घरानंही द्यायचा नाही, हे मी सगळ्यांसमोर बोललो. शिकताना संगणकावरचं काम हाताखाली घालायचं, कारण फ्लेक्सवाल्यालाही नीट अक्षर जमणारं माणूस मिळत नाही. आणि नोकरी लागो न लागो, परीक्षेला पोरं बसवायची, कारण दहावीला त्या ग्रेडचे वाढीव गुण मिळतात म्हणून आई-बाप फी देतात. तो धंदा म्हणून उभा राहू शकतो.

पुतण्या तेव्हा पहिल्यांदा बोलला. म्हणाला, "तिला भूमिती मी शिकवतो. तिची भूमिती कच्ची हाय."

फॉर्म भरला. आल्याचे पैसे आले होते, त्यातून पहिल्या वर्षाची फी गेली. कॉलेज सुरू व्हायला वेळ आहे, तोवर ती आणि पुतण्या मिळून मारुतीच्या देवळात रविवारी पोरं बसवतात. अकरा आली आहेत. त्यांतली सात पोरी. परवा वस्तुचित्राला फवारणीचा पंप, दुधाची किटली आणि एक कांदा मांडला होता. एका पोरानं किटलीचं तोंड गोलच काढलं. पुतण्यानं त्याला उठवून उभं केलं, मग खाली बसवलं, आणि विचारलं, "आता काय दिसतंय?"

पोरगं बराच वेळ बघत बसलं. आम्ही कुणी घाई केली नाही. एलिमेंटरीचं सेंटर तालुक्याला असतं, जायला-यायला जीप ठरवावी लागेल. अकरा पोरं एका जीपमध्ये बसतात का, ते बघतो.